मूळ कागद नसलेली गोष्ट

मी जिवंत आहे असं लिहून द्यायला त्या दिवशी निघालो होतो. पेन्शनवाल्या माणसाला वर्षातून एकदा हा कागद द्यावाच लागतो. नाही दिला तर सरकारच्या लेखी माणूस खपला. इचोड्याच्या फाट्यावर आदिलाबादच्या बसची वाट पाहत उभा होतो. समोर ट्रकांची रांग, हातात पिशवी, पिशवीत आधारची झेरॉक्स आणि बँकेचं पुस्तक. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे शांतवन मास्तरांची बायको. त्या स्वतः कधी फोन करत नाहीत. मास्तर बोलत असताना मागून काहीतरी ओरडून सांगतात, तेवढंच. म्हणाल्या, "भाऊजी, मास्तर उठून नाई राह्यले." मी म्हणालो, "झोपू द्या ना मंग, काऊन उठवता?" पलीकडे बायांचं रडणं ऐकू आलं... आणि मला कळलं. बस आली, थांबली, कंडक्टरनं "आदिलाबाद, आदिलाबाद" असं दोनदा म्हटलं आणि बस निघून गेली. माझा कागद त्या दिवशी राहूनच गेला.

याला आता महिना होत आला. आमचं गाव इचोड्यापासून फार लांब नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या माणसांबद्दल लिहिणार आहे ती अजून तिथंच आहेत आणि मलाही तिथंच राहायचं आहे. मास्तर सरकारी शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, धर्मानं ख्रिस्ती. मी बौद्ध, तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये जन्म काढलेला. आमची ओळखही कागदावरूनच झाली. शाळेच्या जागेच्या कागदाची नक्कल मागायला ते आले होते आणि अर्जात खोट काढून मी तो परत केला. दुसरा कुणी असता तर चारचौघांत माझा उद्धार करून गेला असता. मास्तरांनी चष्मा पुसला, अर्ज पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बरं झालं वापस केला. चुकीच्या कागदावर शाळा उभी करून काय फायदा?" त्या दिवसापासून हा माणूस मला आवडला. पुढं दोघंही रिटायर झालो, आणि रोज संध्याकाळी पाचला मास्तर माझ्या ओसरीवर यायचे. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. डावीकडची त्यांची, कारण उजव्या कानानं त्यांना बरं ऐकू यायचं.

एकदा नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं. येशूच्या नावानं जुन्या काळी जे जे लिहिलं गेलं, पण पवित्र शास्त्रात ज्याला जागा मिळाली नाही, असे ग्रंथ त्यात एकत्र केलेले होते. त्यातल्या एका गोष्टीनं मास्तरांना वेड लावलं. येशू पाचेक वर्षांचा आहे, पावसानंतर ओढ्याकाठी चिखलाच्या चिमण्या करत बसला आहे. विसाव्याच्या दिवशी काम केलं म्हणून कुणीतरी बापाकडे तक्रार नेतो. बाप रागवायला येतो, तर पोरगा टाळ्या वाजवतो आणि चिमण्या उडून जातात. मास्तर ही गोष्ट सांगताना दर वेळी टाळी वाजवायचे आणि आमच्या घरची मांजर दर वेळी दचकायची.

मी ते ऐकून घेणाऱ्यातला नाही. कागद पुढं आला की माझे प्रश्न ठरलेले: लिहिणारा कोण, त्यानं स्वतः पाहिलं का, कागद कुणाकुणाच्या हातातून आला, आणि त्यात फायदा कुणाचा. म्हटलं, "मास्तर, याच्यावर नाव शिष्याचं हाये. शिष्य भेटले येशू मोठा झाल्यावर. मंग लहानपणच्या चिमण्या त्यानं कुठून पाह्यल्या?" मास्तर म्हणाले, "ऐकलं असन त्याच्या मायकडून." "असन म्हणजे? असनवर जमिनीचा कागद बनते का?" प्रती सापडल्या त्या शेकडो वर्षांनंतरच्या, एकीत एक तर दुसरीत भलतंच. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी लाल शेरा मारून परत केला असता, आणि हे मी त्यांना हजारदा ऐकवलं. तेही कमी नव्हते. "तुमचा बोधिसत्त्व मांगच्या जन्मी ससा होता, हत्ती होता. त्याची नोंद कोणत्या तहसीलात?" मी म्हणायचो, त्या आम्ही गोष्टी म्हणूनच सांगतो. "मंग मी दुसरं काय करून राह्यलो?" असं म्हणून ते चहा बशीत ओतायचे.

एकदा मात्र मी त्यांना चांगलंच पकडलं. त्याच ग्रंथात तो पाच वर्षांचा येशू रागाच्या भरात सोबतच्या पोराला शाप देतो आणि ते पोरगं मरतं. मी विचारलं, "हे सांगता का तुमच्या लेकराईले?" मास्तर गावातल्या प्रार्थनाघरात दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचे, त्यावर माझा नेम होता. ते म्हणाले, "नाई सांगत." म्हटलं, "म्हणजे तुमीबी निवडताच. मंग शास्त्र ठरवणाऱ्या जुन्या लोकाईनं निवडलं तं काय चुकलं?" मास्तरांनी बशी खाली ठेवली. चहा गार झाला. मग म्हणाले, "निवडण्यात चूक नाई, दादाराव. पण जे निवडलं नाई ते जपून ठेवणाऱ्याले भ्यावं लागलं... ते चुकलं." मी मांजरीला हाकललं.

आणि एकदा त्यांनी मला पकडलं, ते मला बरेच दिवस लागून राहिलं. माझे आजोबा भीमपूरकडे एका पाटलाच्या शेतावर राबले. माझी आई सांगायची की त्या शेतातली विहीर त्यांनी खोदली, आणि बांधालगतचा एक पट्टा पाटलानं तोंडी त्यांना कसायला दिला होता. मी नोकरीला लागल्यावर हौसेनं जुन्या पहाण्या काढून पाहिल्या. पहाणी म्हणजे कोणतं शेत प्रत्यक्ष कोण कसतो याची दरवर्षीची नोंद. एकाही वर्षी आजोबांचं नाव नव्हतं. आईला तसं सांगितलं, "कागदात नाई, माय." ती म्हणाली, "पण होता ना बापा." मी म्हणालो, "कागदात नाई तं नाई." त्यानंतर ती जाईपर्यंत तिनं माझ्याजवळ विहिरीचं नाव काढलं नाही. मास्तरांना हे ठाऊक होतं. वादात एकदा ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या हिशोबानं तुमचा आजाबी बनावटच म्हणा की." मी खुर्चीवरून उठून आत गेलो. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. सोळाव्या दिवशी ते पाचला आले आणि डावीकडच्या खुर्चीत बसले, मी चहा सांगितला. आमच्याकडे माफी एवढीच असते.

पुढं मास्तरांनी तो चिमण्यांचा ग्रंथ मराठीत उतरवायला घेतला. आधी सुट्या कागदांवर, मग सुवाच्य अक्षरात एका लांब रजिस्टरमध्ये, काळ्या बॉलपेननं. डोळे साथ देईनात, म्हणून पक्की प्रत कच्च्या कागदांशी ताडून पाहायचं काम माझ्याकडे आलं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ओळीवर बोट ठेवून जायचं. जन्मभर मी हेच केलेलं. प्रत्येक पान संपलं की हात आपसूक खाली जायचा आणि लिहायचा, 'ताडून पाहिलं, मुळाबरहुकूम', खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त रेकॉर्डकीपर, तहसील कार्यालय'. कुणी मागितलं नव्हतं. निवृत्त झालं तरी मिरवायची खोड जात नाही, दुसरं काय! मास्तर हसले होते, "आता तं पक्कं काम झालं." या सहीचा अर्थ इतकाच की ही प्रत त्या कागदांप्रमाणे आहे. आत लिहिलं आहे ते घडलं की नाही, याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. रेकॉर्डरूममध्ये हे शिपायालाही कळतं, पण गाव म्हणजे रेकॉर्डरूम नव्हे.

नाताळच्या कार्यक्रमात मास्तरांच्या वर्गातल्या मुलांनी रजिस्टरातली चिमण्यांची गोष्ट करून दाखवली. मातीच्या चिमण्या केल्या, टाळ्या वाजवल्या, सगळे हसले. नंतर कुठल्याशा घरी आईबापांनी पोरीला विचारलं, ही गोष्ट शास्त्रात कुठं आहे? पोरगी म्हणाली, शास्त्रात नाही, पण तहसीलच्या सारांची सही आहे तिच्यावर. झालं! सरकारी माणसानं सही करून दिलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, मास्तर पोरांना शिकवतात, अशी बोंब उठली. प्रार्थनाघराच्या कमिटीनं मास्तरांना रविवारी उपासनेनंतर बोलावलं आणि रजिस्टर घेऊन यायला सांगितलं. सोबत मलाही बोलावलं.

त्या सकाळी मास्तर मला घ्यायला आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत रजिस्टर. ज्या वर्गात त्यांनी गावातली मुलं आणि नंतर त्या मुलांची मुलं शिकवली, तो वर्ग जाण्याची भीती होती. वाटेत एवढंच म्हणाले, "सहीचं सांगजा. बस."

बाक दोन्हीकडे लावलेले, मध्ये टेबल. कमिटीचे पाच जण आणि नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ज्यांना आमच्याकडे सगळे तेलुगूत अय्यगारू म्हणतात. तरुण माणूस, वाईट नव्हता, घाबरलेला होता. कमिटीचा सेक्रेटरी मात्र तयारीनं आला होता. त्यानं मास्तरांपुढं कागद सरकवला. ही गोष्ट खोटी आहे असं लिहून द्या आणि रजिस्टर जमा करा. मास्तर उभं राहून बोलले, वर्गात बोलत तसे. "हे शास्त्रात नाई, असं मी लेकराईले दर वेळी सांगतलं. लिहिणारा कोण ते ठावं नाई, हेबी लिहून देतो. पण खोटी हाये असं कसं लिहू? मी होतो का तिथं?" अय्यगारूंनी मान हलवली. हिंदीत म्हणाले, "शास्त्र में नहीं है, इतना लिख दिए तो चलेगा ना?" कमिटीतले दोघं हो म्हणाले. मला दिसत होतं, प्रकरण मिटत होतं. सेक्रेटरीनं शेवटचं म्हणून माझ्याकडे पाहिलं आणि सही कशाची ते विचारलं. मी उभा राहिलो. सही नकलेची आहे, मजकुराची नाही, हे नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक हाये सार, एवढंच पाह्यजे होतं. बसा."

मी बसलो नाही. आजही रात्रंदिवस मला हेच आठवतं, की मी बसलो नाही. इतक्या वर्षांचा वाद होता, समोर पाच पंच होते आणि शेवटी मला ऐकणारी माणसं मिळाली होती. मी म्हणालो, "आता मजकुराचं विचाराल तं..." कुणी विचारलं नव्हतं. "...मजकुराचं विचाराल तं ज्याचं नाव वर हाये त्यानं हे लिहिलेलं नाई. प्रती मागाहूनच्या, एकमेकीशी जुळत नाईत. आमच्या भाषेत अशा कागदाले जाली म्हणतात." जाली म्हणजे बनावट, निजामाच्या काळापासून आमच्या दफ्तरातला शब्द. सेक्रेटरीनं तो तिथल्या तिथं लिहून घेतला. मग त्यानं मास्तरांकडे वळून म्हटलं, "तुमचाच मानूस सांगून राह्यला. आता तं लिहा." अय्यगारू खाली पाहायला लागले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून वर्गाच्या कपाटाची किल्ली काढली, त्या कपाटात मुलांची हजेरी आणि रंगीत चित्रं असायची, ती टेबलावर ठेवली. रजिस्टर काखेत घेतलं आणि बाहेर पडले.

मी मागून चालत होतो. आमचा रस्ता एकच. पिंपळापाशी ते थांबले, तेही दम लागला म्हणून. म्हणाले, "दादाराव, बोलले ते बरोबरच बोलले तुमी." मग जरा वेळानं, "पण विचारलं होतं का तुमाले?"  उत्तराची वाट न पाहता ते चालू लागले.

तीन आठवडे डावीकडची खुर्ची रिकामी राहिली. मग एका संध्याकाळी पाचला मास्तर आले, बसले आणि खिशातून एक पेन काढून मला दाखवलं. वर्गातली मुलं घरी येऊन निरोपाची भेट देऊन गेली होती. त्यात हिरवी शाई होती, मोठे सरकारी अधिकारी सहीला वापरतात ती. "पाहा, गॅझेटेड ऑफिसर झालो मी. आता माही सही चालते, तुमची नाई." मी हसलो, जरा जास्तच हसलो. वाटलं, सुटलो. पण सुटलो नव्हतो. मास्तर रोज येत, कापसाचं बोलत, गुडघ्याचं बोलत, बंद पडत चाललेल्या मराठी शाळांचं बोलत. वाद तेवढा करत नव्हते. मी मुद्दाम डिवचायचो, तुमच्या चिमण्या म्हणायचो, आमचा हत्ती म्हणायचो, शापाची गोष्टही काढून पाहिली. ते म्हणायचे, "असन." एवढाच शब्द. पूर्वी याच शब्दावरून मी त्यांना धुतलं होतं, आता तो मलाच ऐकावा लागत होता. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माफी मागायचं मी रोज ठरवायचो आणि रोज चहा सांगायचो. या वेळी नुसत्या चहानं भागणार नाही, हे मला कळत होतं... आणि मग त्या सकाळी वहिनींचा फोन आला.

मातीच्या वेळी प्रार्थनाघर भरलेलं होतं. अय्यगारूंनी सेक्रेटरीनं लिहून दिलेला कागद वाचला. जन्म, शाळा, कुठंकुठं नोकरी केली, पत्नी, मुलगी-जावई, मंडळीचे एकनिष्ठ सभासद. रविवारच्या वर्गाचा एक शब्द नाही. बाकांवर निम्मी माणसं मास्तरांच्या हाताखालून गेलेली, पण सगळी खाली मान घालून बसलेली. मी उठून उभा राहिलो. सेक्रेटरी हलक्या आवाजात म्हणाला, "नंतर सार, नंतर बोला." आणि मी बसलो. तेव्हा बसायला सांगितलं तर बसलो नव्हतो, आता मात्र आज्ञाधारक पोरासारखा बसलो. नंतर कुणीच बोललं नाही. पेटी उचलली गेली.

आठ दिवसांनी वहिनींनी बोलावून रजिस्टर माझ्या हातात दिलं, वर ते हिरवं पेन. "तुमाले द्या म्हणत होते. मी म्हटलं, स्वतःच द्या ना. तं म्हणे, देईन." घरी आणून मी पानं चाळली. काळ्या शाईतला सगळा ग्रंथ, पानापानाखाली माझी मिरवणारी सही. तो संपला तिथं पुढं आठ-दहा कोरी पानं, आणि त्यानंतर अगदी शेवटी एक पान लिहिलेलं. हिरव्या शाईत. म्हणजे वर्ग गेल्यानंतरचं, मी त्या टेबलासमोर बोललो त्यानंतरचं. वर लिहिलं होतं, 'भीमपूरच्या विहिरीची गोष्ट'. खाली माझ्या आईचे शब्द, तिच्या बोलीत, जसेच्या तसे. आजोबांनी कोणत्या उन्हाळ्यात विहीर खोदली, कोणत्या खडकाला पहार लागत नव्हती, पाणी लागलं तेव्हा ते आधी प्याले नाहीत, वर उभ्या असलेल्या आजीला भरून दिलं. यातलं शेवटचं मला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगूच दिलं नव्हतं. तिनं ते मास्तरांना सांगितलं होतं, त्याच ओसरीवर, मी नोकरीत असताना मास्तर कधी आले की, मी ऑफिसातून यायच्या आधी. पानाच्या तळाशी मास्तरांनी माझ्याच पद्धतीनं रकाने पाडले होते. सांगणारी : दादारावची आई. मूळ कागद : नाही. ताडून पाहणारा : आणि पुढं रिकामी रेघ.

ती रेघ माझ्यासाठी होती. मी जे केलं ते केल्यानंतरही त्यांनी ती माझ्यासाठी सोडली होती. मी खूप रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. बायको आतून आली, रजिस्टर पाहिलं आणि काही न विचारता परत गेली.

उभ्या हयातीत मूळ पाहिल्याशिवाय मी कशावर सही केली नाही. त्या रेघेवर केली, मास्तरांच्याच पेननं, आणि या वेळी खाली हुद्दा लिहिला नाही. मग पान उलटलं. आतल्या पुठ्ठ्यावर जागा होती. तिथं लिहिलं, 'शांतवन मास्तरांनी या गावात जन्मभर रविवारी मुलांना शिकवलं. शिकवताना काय शास्त्रातलं आणि काय नाही, हे ते दर वेळी सांगत. मूळ कागद : नाही. सांगणारा : दादाराव.' पुढं तिसरा रकाना पाडला. ताडून पाहणारा. त्याच्यापुढची रेघ मी मोकळी ठेवली आहे, आणि रजिस्टर संध्याकाळी पाचला डावीकडच्या खुर्चीवर ठेवतो. गावातलं कुणीही यावं आणि सही करावी.